रेस्क्यू कुत्रा दत्तक घ्यायचाय? आपल्या घराला साजेसा कुत्रा असा शोधा

‘अर्जंट! दीड महिन्याची चार पिल्लं आहेत. आज घर मिळालं नाही तर पुन्हा रस्त्यावर जातील. प्लीज शेअर करा.’

हा मेसेज तुमच्याही फोनवर कधी ना कधी आला असेल. सोबत खोक्यात एकमेकांना बिलगून बसलेल्या पिल्लांचा फोटो. घरातली मुलं हट्ट धरतात, मोठ्यांचंही मन विरघळतं आणि संध्याकाळपर्यंत एक पिल्लू घरी येतं.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. पिल्लू रात्रभर रडतं, चपला कुरतडतं, सकाळी सगळे कामाला गेले की एकटं पडतं. चार-सहा महिन्यांत ते मोठं होतं, शेजारी तक्रार करू लागतात. मग त्याच ग्रुपवर ‘कुणाला कुत्रा हवाय का?’ असा नवा मेसेज फिरतो. कुणीच पुढे आलं नाही तर कुत्रा पुन्हा रस्त्यावर. पण तोवर त्याला घराची सवय लागलेली असते. गाड्या चुकवणं, अन्न शोधणं, दुसऱ्या कुत्र्यांच्या हद्दीत टिकून राहणं यातलं काहीच त्याला येत नसतं.

अशा वेळी बहुतेकदा कुत्रा वाईट नसतो आणि घरही वाईट नसतं. दोघांची जोडी जुळलेली नसते. ही जोडी आधीच कशी जुळवायची, ते समजून घेऊ.

रेस्क्यू कुत्रा म्हणजे नेमका कोणता?

डहाणूकरांना ‘रेस्क्यू’ हा शब्द नवा नाही. जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं डहाणूचं केंद्र राज्यभर ओळखलं जातं. वन विभागाच्या सोबतीनं ‘वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन’ ही स्थानिक संस्था तिथे काम करते. कासव बरं झालं की ते समुद्रात परत जातं. प्रत्येक कुत्र्याला मात्र परत जायला जागा असतेच असं नाही.

साधारणपणे तीन प्रकारच्या कुत्र्यांना घराची गरज असते. आई मेलेली किंवा कुणीतरी आणून टाकलेली पिल्लं, अपघातातून वाचलेले पण अधू झालेले कुत्रे आणि मालकांनी सोडून दिलेले पाळीव कुत्रे. तिसऱ्या प्रकारात लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड, हस्की असे हौसेनं विकत आणलेले कुत्रेही असतात.

रस्त्यावरचा प्रत्येक कुत्रा मात्र ‘वाचवायचा’ नसतो. एखाद्या पाड्यात किंवा गल्लीत वर्षानुवर्षं राहणारा, चार घरांत खाणारा, धडधाकट कुत्रा तिथेच सुखात असतो. त्याच्या कानाच्या टोकाला छोटी खाच दिसली तर त्याची नसबंदी झालेली आहे, असं समजायचं. अशा कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्यांच्याच जागी सोडण्याची पद्धत २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत घालून दिली आहे.

पिल्लं एकटी दिसली तरी लगेच उचलू नका. आई बऱ्याचदा खायला शोधायला गेलेली असते. पिल्लांना धोका नसेल तर लांबून काही तास लक्ष ठेवा. पिल्लं किमान आठ आठवडे आईजवळ राहिली तर त्यांची तब्येत आणि स्वभाव दोन्ही चांगले घडतात.

आधी घराचं वेळापत्रक मांडा

‘कोणता कुत्रा गोड दिसतो?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न आहे, तुमच्या घरात सकाळी सहा ते रात्री दहा काय चालतं?

एप्रिल २०१३पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येते. डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. घरातले दोघंही मुंबईला नोकरीला जात असतील तर येऊन-जाऊन दिवसाचे बारा-तेरा तास घर बंद असतं. अशा घरात दोन महिन्यांचं पिल्लू आणणं त्या पिल्लावर अन्याय आहे. त्याला दिवसातून तीन-चार वेळा खाणं लागतं आणि दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं. पण त्याच घरात दिवसभर आजी-आजोबा असतील तर गणित बदलतं. तिथे पाच-सहा वर्षांचा, शांत, दोरीला हिसका न देणारा कुत्रा चांगला रमेल.

आगर, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी या किनाऱ्यालगतच्या गावांत घराभोवती अंगण आणि मागे चिकूची वाडी असते. तिथे धावपळ करणारा तरुण कुत्रा आनंदात राहतो. पण एक गोष्ट नीट तपासा. तुम्हाला कुत्रा हवाय की वाडीला राखणदार? राखणीसाठी आणून दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा भुंकरा आणि चिडका होतो. शिवाय कुत्र्याला अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीनं बांधून ठेवणं आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडू-फिरू न देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

घरात कोंबड्या-बकऱ्या असतील तर ‘हा कुत्रा कोंबड्यांमागे लागतो का?’ हे आधीच विचारा. तलासरीत महामार्गाजवळ घर असेल तर कुंपण किंवा बंद होणारं फाटक हवंच. मोकळ्या कुत्र्याला ट्रकचा धोका रोजचा असतो.

कागद घ्या आणि या प्रश्नांची उत्तरं लिहा:

- कुत्रा रोज सलग किती तास एकटा राहील?
- सकाळ-संध्याकाळ फिरवायचं काम कुणाचं? भर पावसातही तोच माणूस नेणार का?
- घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा तोल जाणारी वयस्कर व्यक्ती आहे का?
- कुणाला दमा किंवा केसांची ॲलर्जी आहे का?
- गावाला, लग्नाला गेलात तर कुत्रा कुणाकडे राहील?
- लस, नसबंदी आणि आजारपणाचा खर्च कोण करणार?
- घरातल्या प्रत्येकाला कुत्रा हवा आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एकाचंही ‘नाही’ असेल तर थांबा. देशी कुत्रा नीट सांभाळला तर बारा-पंधरा वर्षं जगू शकतो. आज चौथीत असलेली मुलगी कॉलेज संपवेल, तेव्हाही तो घरात असेल.

पिल्लू आणायचं की मोठा कुत्रा?

‘पिल्लू असलं की लळा लागतो, मोठा कुत्रा आपला होत नाही’ हा समज घरोघरी ऐकू येतो. प्रत्यक्षात मोठ्या कुत्र्यालाही लळा लागतो, फक्त थोडा वेळ द्यावा लागतो.

पिल्लाचं पुढे काय होईल, याचा अंदाजच बांधावा लागतो. ते किती मोठं होईल, किती चपळ असेल, मुलांशी कसं वागेल हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचं सगळं समोर दिसतं. उंची, ताकद, स्वभाव, भीती, सवयी. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घराला ही माहिती फार उपयोगी पडते.

पिल्लाचा एक मोठा फायदा आहे. वयाच्या साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखायला शिकतं. या काळात माणसं, मुलं, मोटरसायकल, फटाके, मिक्सरचा आवाज यांची प्रेमानं ओळख झाली तर पुढे भीती कमी राहते. पण त्यासाठी घरात दिवसभर कुणीतरी हवं.

वयस्कर किंवा तीन पायांच्या कुत्र्यांचा विचार बहुतेक लोक करतच नाहीत. निवृत्त जोडप्याच्या घराला असा कुत्रा अनेकदा सगळ्यात जास्त साजेसा ठरतो. त्याला लांब फेरी नको असते, फक्त सोबत हवी असते.

जातिवंत रेस्क्यू कुत्रा घेताना हवामान बघा. हस्की किंवा सेंट बर्नार्ड थंड प्रदेशातल्या दाट केसांचे कुत्रे आहेत. डहाणूच्या दमट मे महिन्यात त्यांचे हाल होतात. आपला देशी, म्हणजे लोक ज्याला गावठी म्हणतात तो कुत्रा, इथल्याच हवेत घडलेला आहे. त्याचे आखूड केस आणि सडपातळ बांधा उन्हाळ्यात कामी येतो.

शोधायचा कुठे?

सुरुवात जवळून करा. तालुक्यातल्या पशुवैद्यकाला सांगून ठेवा. कुठला कुत्रा उपचारांनंतर घराच्या शोधात आहे, कुठल्या कुटुंबाला कुत्रा द्यायचाय, हे त्यांना बऱ्याचदा माहीत असतं. स्थानिक प्राणिमित्रांच्या ग्रुपवरही घराची खरी परिस्थिती लिहा. ‘कोणताही चालेल’ असं लिहिण्यापेक्षा ‘घरात दोन लहान मुलं आहेत, आधी कुत्रा पाळलेला नाही, शांत मोठा कुत्रा चालेल’ असं लिहिलं तर योग्य कुत्रा लवकर सापडतो.

मुंबई लोकलनं जोडलेली असल्यानं तिथले पर्यायही आहेत. ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था १९८५पासून मुंबईत भटक्या कुत्र्यांसाठी काम करते. ‘वर्ल्ड फॉर ऑल’ ही संस्था ‘अडॉप्टॅथॉन’ नावानं दत्तक मेळावे भरवते. पुण्यात ‘रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट’ आहे.

संस्था तुम्हालाच उलट प्रश्न विचारतील, घर बघायला येतील, ओळखपत्राची प्रत आणि नसबंदीची हमी मागतील. राग मानू नका. जी व्यक्ती काहीही न विचारता कुत्रा हातात ठेवते, तिच्यापासून सावध राहा.

सोशल मीडियावर आणखी एक सापळा असतो. ‘लॅब्रॉडॉरचं पिल्लू फ्री अडॉप्शन, फक्त वाहतुकीचे पैसे आधी पाठवा’ अशा पोस्ट. कुत्रा प्रत्यक्ष किंवा निदान व्हिडिओ कॉलवर बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. फोटो इंटरनेटवर उलटा शोधून बघा. तोच फोटो दहा शहरांच्या नावानं सापडला तर काय ते समजा.

भेटीत काय बघायचं, काय विचारायचं?

पहिल्या भेटीला सगळ्या घरानं जायचं. गेल्या गेल्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवू नका. बाजूला शांत बसा आणि तो जवळ येतो का बघा. मग त्याला दोरीनं थोडं फिरवून आणा. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटा, कारण एखाद्या दिवशी कुत्राही थकलेला किंवा घाबरलेला असू शकतो.

त्याची देहबोली वाचा. शरीर सैल, शेपूट सहज हलतेय, वास घ्यायला स्वतःहून पुढे येतोय, हे चांगलं लक्षण. वारंवार ओठ चाटणं, जांभया देणं, तोंड फिरवणं, डोळ्यातला पांढरा भाग दिसणं म्हणजे त्याला अवघडल्यासारखं झालंय. शरीर अचानक ताठ झालं तर मागे सरका. ‘चावतो का बघू’ म्हणून शेपूट ओढणं किंवा ताटात हात घालणं ही परीक्षा कधीही घेऊ नका.

सांभाळणाऱ्याला विचारा:

- हा कुठे आणि कसा सापडला?
- लहान मुलं, पुरुष, अनोळखी माणसं, मांजर, दुसरे कुत्रे यांच्याशी कसा वागतो?
- खाताना जवळ गेलं तर गुरगुरतो का? आजवर कुणाला चावलाय का?
- एकटा राहिला तर काय करतो?
- लसी, जंतनाशक, नसबंदी यांची नोंद कुठे आहे?
- नाही जमलं तर संस्था त्याला परत घेईल का?

‘काहीच प्रॉब्लेम नाही’ असं उत्तर मिळालं तर थोडं खोदून विचारा. खरा सांभाळणारा कुत्र्याच्या दोन खोड्याही सांगतो.

निर्णय होत नसेल तर फोस्टर, म्हणजे तात्पुरता सांभाळ करायची तयारी दाखवा. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही बाजूंना एकमेकांचा अंदाज येतो. कुत्रा दुसऱ्या घरी गेला तरी त्याच्याविषयी खरी माहिती हाती आलेली असते.

लसीकरण आणि रेबीज: इथे तडजोड नको

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर अशा आजारांवरची एकत्रित लस सुरू करतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस देतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर. पुढचे डोस पशुवैद्यकाच्या सांगण्याप्रमाणे. मोठ्या कुत्र्याची लसीची नोंद नसेल तर ती झालीच नाही असं धरून सुरुवात करा. नसबंदी कधी करायची, हे कुत्र्याचं वय आणि तब्येत बघून पशुवैद्यक ठरवतात.

रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार माणसांमधला ९९ टक्क्यांपर्यंत रेबीज कुत्र्यांमुळे होतो आणि बळी पडणाऱ्यांत लहान मुलांचं प्रमाण मोठं आहे. त्यामुळे कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. हळद, चुना, तिखट लावत बसू नका. ‘आपलाच कुत्रा आहे’ म्हणून टाळू नका आणि डॉक्टरांनी सांगितलेले सगळे डोस पूर्ण करा. मुलांना हेही सांगा की ओरखडा लपवला म्हणून कुणी रागावणार नाही, पण तो सांगायलाच हवा.

पहिले तीन महिने

दत्तक देणाऱ्या संस्था ‘तीन-तीन-तीन’ असा ठोकताळा सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रा भांबावलेला असतो, तीन आठवड्यांत घराची लय त्याला कळते आणि तीन महिन्यांत तो घरचा होतो. हे आकडे प्रत्येक कुत्र्याला तंतोतंत लागू पडत नाहीत, पण धीर धरायला उपयोगी आहेत.

पहिल्या दिवशी शेजारीपाजारी जमवू नका, स्टोरीसाठी कपडे घालून फोटो काढू नका. ओट्यावर किंवा खोलीच्या कोपऱ्यात त्याची एक जागा ठरवा. तो तिथे असताना त्याला कुणी हात लावायचा नाही, हा नियम मुलांनाही शिकवा. लहान मूल आणि कुत्रा यांना एकत्र एकटं सोडू नका. गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर लिहा. नव्या घरातून कुत्रे पहिल्या काही दिवसांत पळून जाण्याची शक्यता जास्त असते.

खाण्यात पशुवैद्यकाला विचारून बदल करा. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका कुत्र्यांसाठी घातक आहेत. चिकूच्या बिया आणि आंब्याची कोय घशात किंवा आतड्यात अडकू शकते, म्हणून वाडीत पडलेल्या फळांवर लक्ष ठेवा. खारवलेले सुके बोंबील कितीही आवडले तरी देऊ नका, त्यात मीठ फार असतं. माणसांच्या तापाच्या गोळ्या तर मुळीच नकोत.

पावसाळ्यात आणि नंतर गोचिडांचा त्रास वाढतो. हा त्रास किती गंभीर होऊ शकतो, हे जून २०२४मध्ये अनेकांनी इन्स्टाग्रामवर पाहिलं. मुंबईतल्या टाटा ट्रस्ट्सच्या स्मॉल ॲनिमल हॉस्पिटलमध्ये सात महिन्यांच्या एका कुत्र्याला गोचिडताप असल्याचा संशय होता आणि त्याच्या अंगातलं रक्त धोकादायक पातळीपर्यंत कमी झालं होतं. त्याला रक्त देऊ शकेल असा कुत्रा शोधण्यासाठी रतन टाटांनी स्वतः मुंबईकरांना आवाहन केलं होतं. गोचिडरोधक औषध नियमित दिलं तर हा धोका बराच कमी होतो. कान, बोटांच्या बेचक्या आणि काखा रोज तपासा.

सोसायटी आणि कायदा काय म्हणतो?

भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानं ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. त्याच वेळी घाण उचलणं, सार्वजनिक जागेत कुत्रा दोरीला ठेवणं आणि रात्री-अपरात्री त्याच्या भुंकण्याचा त्रास होऊ न देणं ही पालकाची जबाबदारी आहे. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी परवानगी आधी घ्या. कुत्र्याची नोंदणी करावी लागते का, हे आपल्या नगर परिषदेत, नगर पंचायतीत किंवा ग्रामपंचायतीत विचारा.

सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात दिलेल्या आदेशात दत्तक घेण्याचाही उल्लेख आहे. इच्छुक व्यक्ती नगरपालिकेकडे अर्ज करून भटका कुत्रा दत्तक घेऊ शकते. पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची, असं न्यायालयानं स्पष्ट केलं.

आणि जमलंच नाही तर?

सगळा विचार करूनही काही वेळा जमत नाही. कुणाची बदली होते, कुणी आजारी पडतं, कुत्रा आणि मूल यांचं पटत नाही. अशा वेळी आधी पशुवैद्यक किंवा प्रशिक्षकाचा सल्ला घ्या, कारण अनेक तक्रारी व्यायाम आणि दिनक्रम सुधारल्यावर सुटतात. तरीही नाही सुटलं तर ज्या संस्थेकडून किंवा व्यक्तीकडून कुत्रा आणला, तिला खरं सांगून परत द्या. त्यात कमीपणा नाही. पण पोत्यात घालून दूर सोडून येणं, हायवेच्या ढाब्याजवळ उतरवणं हा पर्याय नाही. प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा अवस्थेत त्याला विनाकारण सोडून देणं हाही १९६०च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

प्रश्नांच्या यादीनंतर ‘आत्ता आपल्या घराला कुत्रा झेपणार नाही’ असं उत्तर आलं तर तेही योग्यच उत्तर आहे. गल्लीतल्या एका कुत्र्याच्या नसबंदीचा किंवा लसीचा खर्च उचला, उन्हाळ्यात फाटकाबाहेर पाण्याचं भांडं ठेवा, एखाद्या पिल्लाचा दोन आठवडे सांभाळ करा. आणि पुढच्या वेळी ‘अर्जंट’ मेसेज आला की फॉरवर्ड करण्याआधी पाठवणाऱ्याला विचारा, पिल्लांची आई जवळपास आहे का, त्यांचं वय किती आणि त्यांना कसं घर हवंय? ही उत्तरं मेसेजमध्ये असली तर योग्य माणूस पुढे येण्याची शक्यता वाढते.